गाठ छातीत, दुखणं हाडांत

चार्ल्स मार्टेल अमेरिकेतल्या व्यापारी जहाजावर कप्तान होता. उंचापुरा, धडधाकट गडी. १९१८ नंतर त्याची हाडं दुखू लागली, मग मोडू लागली. मुतखडे झाले. उंची तब्बल ७ इंचांनी घटली. रक्तात कॅल्शियम भरमसाट वाढलेलं. संशय गेला मानेतल्या परावटू ग्रंथींवर. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चार ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. डॉक्टरांनी सहा वेळा मानेत शोध घेतला, पण गाठ मिळेना. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती छातीत सापडली. जेमतेम ३ सेंटिमीटरची! पण तोवर मूत्रपिंडांचं व्हायचं ते नुकसान झालं होतं. मूत्रमार्गात अडकलेल्या खड्यावर उपचार सुरू असताना, काही आठवड्यांतच तो गेला.

ही गाठ कॅन्सरची नव्हती. अशा गाठी बहुतेकदा नसतातच. त्या छळतात ते आकारानं नव्हे, तर रक्तात सोडलेल्या संप्रेरकानं, म्हणजे हार्मोननं. निरोगी ग्रंथी रक्ताचा अंदाज घेत काम करते: कॅल्शियम वाढलं की परावटू हात आखडता घेते. गाठ मात्र हे ऐकतच नाही.

म्हणूनच रिपोर्ट वाचताना एक चकवा बसतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅल्शियम जास्त आहे आणि परावटूचं संप्रेरक ‘नॉर्मल’ आकड्यांत आहे, म्हणजे सगळं ठीक, असं वाटतं. ते ठीक नसतं. अशा वेळी ते संप्रेरक जवळपास दिसेनासंच व्हायला हवं होतं.

इतर ग्रंथींच्या गाठीही अशाच वेश पालटून येतात. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतली एक गाठ अॅड्रिनलिनसारखी रसायनं सोडते. अचानक छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, डोकं ठणकतं, आणि रुग्णाला सांगितलं जातं, ‘टेन्शन घेऊ नका’. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतली गाठ प्रौढपणी वाढीचं संप्रेरक ओतू लागली, तर बोटातली अंगठी घट्ट होते, चपलेचा नंबर वाढतो. बदल इतका सावकाश, की रोज पाहणाऱ्या घरच्यांच्याही लक्षात येत नाही; जुना फोटो समोर आला की मग धक्का बसतो.

स्वादुपिंडातली इन्सुलिन सोडणारी गाठ बहुधा २ सेंटिमीटरहूनही लहान असते आणि स्कॅनमध्ये सहज निसटते. तिला पकडायला रुग्णाला दवाखान्यात, देखरेखीखाली, ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात. साखर उतरत जाते तसं इन्सुलिनही उतरायला हवं. साखर ५५ च्या खाली जाऊन रुग्ण बरळू लागला आणि इन्सुलिन तरीही वाहतच राहिलं, की बाहेरून घेतलेल्या, साखर उतरवणाऱ्या औषधाची शंका फेडून सर्जनला बोलावतात. गाठ निघाली की साखर बहुधा त्याच दिवशी वर येऊ लागते.