बाणाचं पातं घट्ट की उघडणारं, हा वाद आला कुठनं

माझा भाचा टेक्सासला नोकरीला, तिकडं लायसन काढून हरणाच्या शिकारीला धनुष्य घेऊन जातो, परवा व्हिडिओ कॉलवर बाणाची दोन पाती, एक घट्ट बसवलेलं आणि एक लागल्यावर उघडणारं, कॅमेऱ्यापुढं धरून विचारतोय, मामा कुठलं घेऊ. आता मी सोलापुरात कागदी टार्गेटवर बाण मारणारा माणूस, आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं शिकार बंद, जवळच्या नान्नज अभयारण्यात काळवीट दिसलं तर फोटो काढायचा आणि गप घरी यायचं. पण वाद कुठनं सुरू झाला ते सांगू शकतो.

कापणारं पातं तसं जुनंच, महाभारतातच क्षुरप्र, अर्धचंद्र ही बाणांची नावं येतात. अमेरिकेत इशी नावाचा, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस 1911 ला लोकांपुढं आला, तो बाटलीच्या काचेतनं सुद्धा टोकं घडवायचा, त्याच्याकडनं डॉक्टर सॅक्स्टन पोप धनुष्य शिकला आणि तिथनं धनुष्यानं शिकार करायचा नाद पसरला. मग 1956 ला फ्रेड बेअर या अमेरिकन धनुष्यवाल्याचं रेझरहेड नावाचं पातं आलं, घट्ट पातं आणि मध्ये बदलता येणारं पातळ ब्लेड. तेव्हा बाण सावकाश जायचा, सगळं झकास.

घोळ पुढं झाला. 1969 ला हॉलेस ऍलनला कंपाउंड धनुष्याचं, म्हणजे टोकांना कप्प्या लावलेल्या धनुष्याचं, पेटंट मिळालं, आणि नंतर वेग वाढत वाढत सेकंदाला 300 फुटांपर्यंत गेला. घट्ट पातं म्हणजे बाणाच्या तोंडाला लावलेला पंखच की, एवढ्या वेगात बाण जरा वाकडा सुटला तर मागची पिसं एकीकडं ओढतात आणि पुढचं पातं दुसरीकडं. त्यावर उतारा म्हणून वाटेत मिटलेली राहणारी ही उघडणारी पाती. कल्पना 1950 च्या दशकातली, पण धंदा जमला 1990 नंतर.

भाच्यानं उघडणाऱ्याचं टोक फळीवर दाबून दाखवलं, पाती मिटून धरणारी रबराची बारीक रिंग तटकन तुटली आणि पाती फाकली, चांगली दोन इंच. वजन 100 ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम, अर्ध्या तोळ्याच्या जरा वर! पण उघडायला जोर बाणाचाच जातो, हलक्या धनुष्याला ते परवडत नाही, हाडावर बसलं तर आत घुसत नाही आणि जनावर जखमी होऊन पळतं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात धनुष्याच्या सीझनला यावर कित्येक वर्षं बंदी होती ती उगाच नाही.

भाच्याचं धनुष्य 50 पौंडाचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो, तसं हलकंच. म्हटलं घट्टच घे, आणि आधी धनुष्य ट्यून कर, म्हणजे बाण सरळ सुटेल असं लावून घे. तर म्हणतो दुकानवाला उघडणारंच घे म्हणतोय. त्याला काय, बिल फाडायचंय.