चंद्रावरचा कॅमेरा, उद्यमनगरच्या लेथवर

चंद्राच्या पृष्ठभागावरून पहिलं छायाचित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती आणि शटरही नव्हतं. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी सोव्हिएत संघाचं लूना ९ यान तिथं अलगद उतरलं. त्याचा कॅमेरा म्हणजे एक उभं नळकांडं. वर हलता आरसा, खाली भिंग, भिंगाखाली बारीक भोक आणि भोकामागे उजेड मोजणारी नळी. आरसा झुकला की समोरच्या दृश्याची एक उभी रेघ भोकावरून सरकायची. मग वरचा भाग किंचित वळायचा आणि पुढची रेघ सुरू. एका रेघेला सुमारे एक सेकंद, पूर्ण वर्तुळाला सुमारे ६,००० रेघा. म्हणजे एका फोटोला १०० मिनिटं!

अवकाशातल्या जुन्या कॅमेऱ्यांपैकी एखाद्याची चालती प्रतिकृती कोल्हापुरात करायची, तर ती याचीच करावी असं माझं ठाम मत आहे. अपोलोच्या चांद्रवीरांनी वापरलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याची नक्कल कपाटात शोभून दिसेल, पण फोटो काढणार नाही. लूनाच्या कॅमेऱ्याचा प्रत्येक भाग मात्र आठवी-नववीच्या मुलालाही समजतो, आणि समजला की बनवता येतो.

तसं कॅमेरा घडवणं या गावाला नवं नाही. आनंदराव पेंटरांनी सुरू केलेलं आणि १९१६ मध्ये त्यांच्या निधनानं अर्धवट राहिलेलं सिनेमाच्या कॅमेऱ्याचं काम बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी १९१८ मध्ये तडीस नेलं. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म क्षणभर थांबवून पुन्हा नेमकी पुढे सरकवणं हे अवघड काम. आपल्या कॅमेऱ्यात थांबायची भानगड नाही, पण आरशाची चाल एकसारखी हवी. ती चाल देणारा कॅम (फिरता फिरता आरशाला ढकलणारी, मुद्दाम वेडीवाकडी कापलेली चकती) इथल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात कुणीही मुरलेला टर्नर-फिटर करून देईल. आरसा सावकाश झुकेल आणि झटकन मागे येईल, एवढंच त्याला सांगायचं. आरसा १४.५ अंश फिरला की नजर २९ अंश फिरते, हेही ड्रॉइंगवर लिहून द्यावं.

आरसा घरातला चालत नाही. त्याचा मुलामा काचेच्या मागं असतो, त्यामुळे पुढच्या पृष्ठभागावरूनही एक फिकट प्रतिबिंब येतं आणि चित्र दुहेरी दिसतं. भंगारातल्या स्कॅनरमध्ये किंवा झेरॉक्स मशीनमध्ये पुढून मुलामा दिलेल्या आरशाच्या पट्ट्या मिळतात. मुलाम्याला बोट मात्र लावू नये.

खरी गंमत भोकात आहे. भोकाच्या व्यासाला भिंगाच्या नाभीय अंतरानं (भिंगापासून दूरचं चित्र जिथं स्पष्ट उमटतं तिथपर्यंतचं अंतर) भागलं की कॅमेऱ्याला दिसणारा सर्वांत लहान कोन मिळतो. लूना ९ चा कोन सुमारे ०.०६ अंश होता, म्हणजे दीड मीटरवरचा दीड मिलिमीटरचा खडा ओळखता येईल इतका. आपण १०० मिलिमीटरचं भिंग आणि पाव मिलिमीटरचं भोक घेतलं तर कोन ०.१४ अंश येतो. २९ अंशांत २०० ठिपके, वर्तुळाला २,५०० रेघा, वेळ ४२ मिनिटं. आणखी बारीक भोक का नको? व्यास निम्मा केला की उजेड पाव होतो आणि नळीच्या जागी बसवलेल्या फोटोडायोडचा (उजेड पडला की वीज देणारा छोटा भाग) आधीच क्षीण असलेला प्रवाह विजेच्या गोंगाटात बुडतो. तेव्हा तो प्रवाह वाढवणारा चांगला ॲम्प्लिफायर, आतून काळा रंग दिलेली नळी आणि कडक ऊन हवं. पाव मिलिमीटरच्या ड्रिलसाठी गुजरीतल्या सोनारकाम करणाऱ्या कारागिरांकडे चौकशी करावी.

असा कॅमेरा रंकाळ्यावर लावला तर फिरायला आलेली माणसं उभ्या चिरोट्या होऊन उमटतील. कॅमेरा ज्या दिशेला वळतो त्याच दिशेनं कुणी त्याच्यापुढे पळत गेलं, तर एकच माणूस फोटोत दोनदा येईल. मसाई पठारावर जांभ्याचे दगड हलत नाहीत, तिथं निकाल चांगला. तिथं कॅमेरा मुद्दाम तिरका ठेवावा, क्षितिज लाटेसारखं वर-खाली जातं. लूना ९ कलतं उभं होतं, त्यामुळे त्याच्या चित्रातही हेच घडलं.

चित्र पाठवायची पद्धतही उचलण्यासारखी आहे. इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेत लूनाचे संदेश पकडले गेले, तेव्हा ते वृत्तपत्रं तारेनं फोटो पाठवत तसे वाटले. ‘डेली एक्स्प्रेस’चं फोटो घ्यायचं यंत्र मागवलं, जोडलं, आणि रशियनांनी प्रसिद्ध करण्याआधीच चंद्राची जमीन ब्रिटिश वर्तमानपत्रात छापून आली! फक्त रुंदी-उंचीचं प्रमाण ठाऊक नसल्यानं चित्र आडवं दाबलं गेलं आणि दगड होते त्यापेक्षा उंच, टोकदार दिसले.

शाळेत करून बघावं. कॅमेऱ्याच्या उजेडाचा आवाज करायचा: उजेड जास्त तर सूर उंच, रेघेच्या सुरुवातीला एक टिक. तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या वर्गाला त्यातून चित्र उभं करायला द्यायचा आणि रुंदी-उंचीचं प्रमाण सांगायचं नाही. फोटो काढताना समोर एक फुटबॉल ठेवावा (कोल्हापुरात तो शोधत हिंडावं लागत नाही). चेंडू गोल दिसेपर्यंत पोरं आकडे बदलत बसतील.