मेलं कशानं, आणि आत्ताच का?

म्हशी पाळणाऱ्या घराला घटसर्प, म्हणजे गुरांचा घसा सुजवणारा जीवघेणा रोग, सांगावा लागत नाही. पावसाळा तोंडावर आला की लस टोचून घ्यायची, हे खानापूरकडच्या कुठल्याही गोठ्यात ठाऊक असतं. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावजवळ भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत ३१ काळविटं दगावली आणि निदान घटसर्पाचं निघालं, तेव्हा आम्ही सगळे चक्रावलो. गोठ्यातला रोग हरणांत कुठून आला?

अशा वेळी ज्याला बोलावतात तो सरकारी वन्यजीव-रोगतज्ज्ञ आल्या आल्या सुरी काढत नाही. नाकातून, गुदातून न गोठलेलं काळपट रक्त आलेलं दिसलं तर फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय घ्यायचा. तसं मढं फाडलं तर जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. म्हणून आधी कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. संशय फिटला तरच शवविच्छेदन.

घटसर्पाचा जंतू पाश्चुरेला. हृदयातल्या रक्ताचा लेप रंगवला की त्याची दोन्ही टोकं गडद दिसतात, मधला भाग फिका. मढं कुजायला लागलं असेल तर? मग पायाचं लांब हाड जसंच्या तसं पाठवतात, कारण आतल्या मज्जेपर्यंत कुजवणारे जंतू सर्वांत शेवटी पोचतात. मला ही युक्ती फार आवडते.

जंतू सापडला म्हणजे अर्धंच उत्तर मिळालं. हा पाश्चुरेला धडधाकट गुरांच्या घशातही मुकाट राहतो. दमट हवा, उपासमार, दगदग, भीती यांनी जनावराची प्रतिकारशक्ती खचली की तो रक्तात उतरतो आणि एका दिवसातही जीव घेतो. मे २०१५ मध्ये कझाकस्तानच्या गवताळ माळावर सायगा जातीची दोन लाखांहून जास्त हरणं जेमतेम तीन आठवड्यांत मेली. जंतू याच कुळातला, आणि संशोधकांना त्याचा धागा जुळला तो त्या दिवसांतल्या नेहमीपेक्षा जास्त उष्ण, दमट हवेशी. म्हणूनच हा डॉक्टर मढ्याइतकीच पाण्याची टाकी, चारा आणि कुंपणापलीकडची गुरंही तपासतो.

कृष्णेतल्या माशांचंही असंच. नृसिंहवाडीला पंचगंगा पोटात घेऊन कृष्णा आमच्या चिकोडी, रायबाग, अथणीकडे येते. दोन्ही अंगांना ऊस आणि कारखाने. मासे मेले की मळीमिश्रित पाण्याची बातमी येते आणि लोक म्हणतात, विष सोडलं. मळीत विष असायलाच हवं असं नाही. तिच्यातला सेंद्रिय माल कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. माशाला लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम तरी लागतो; २ च्या खाली गेला की तो पाण्यावर तोंड काढून आ वासतो. अशा वेळी बहुधा मोठे मासे आधी जातात, चिल्लीपिल्ली तगतात. विषानं मात्र लहानमोठे सरसकट मरतात. नदीकाठी पडलेल्या माशांच्या आकारावरून एवढा अंदाज येतो.

पंचाईत वेळेची. पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो पहाटे. साहेब बाटली घेऊन दुपारी पोचेपर्यंत ऊन पडलेलं असतं, शेवाळानं प्राणवायू सोडलेला असतो आणि पहाटेचं पाणी कुठल्या कुठे वाहून गेलेलं असतं. कृष्णेवरच्या मांजरी गावच्या पुलाखाली उजाडण्याआधी जाळं टाकणाऱ्यानं मोबाइलवर काढलेला फोटो अशा वेळी लाखमोलाचा.

शेतात मोर मरून पडले तर वाट वेगळी. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, किंवा थायमेटसारखं कीटकनाशक टाकलेलं. (थायमेटमधल्या फोरेटवर २०२० अखेरपासून बंदी आहे, पण नाव अजून तोंडी आहे.) पोट उघडल्यावर काही कीटकनाशकांचा लसणासारखा वास येतो. वासावर खटला उभा राहत नाही. जठर, यकृत, मूत्रपिंड वेगवेगळ्या बरण्यांत घालून पाठवावं लागतं. तेही फॉर्मेलिनमध्ये नको, त्यानं विषाची तपासणी बिघडते; ते पेशी पाहायच्या तुकड्यांसाठी. इथे लागतं मिठाचं दाट पाणी.

आणि बरण्यांसोबत तेच मीठ एका वेगळ्या पुडीत बांधून, सील करून जातं. उद्या कोर्टात कुणी म्हणू नये, विष मिठातच होतं.