मार्बरी विरुद्ध मॅडिसन (१८०३)

मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा २४ फेब्रुवारी १८०३ चा निकाल. अमेरिकेचा घटनात्मक कायदा शिकायला घेतला की बहुतेक ठिकाणी सुरुवात इथूनच होते. काँग्रेसने (म्हणजे तिथली संसद, आपल्याकडचा पक्ष नाही) केलेला कायदा घटनेत बसत नसेल तर कोर्ट तो बाद करू शकतं, हे आज तिथे सगळे धरूनच चालतात, पण १७८७ ची ती घटना काढून वाचायला बसलं तर असं वाक्य तिच्यात कुठेच नाही. एकूण सात कलमं आणि नंतरच्या २७ दुरुस्त्या, एका बैठकीत वाचून होतात, त्यामुळे खात्री करून घ्यायला फार वेळ लागत नाही.

भांडण मुळात अगदीच किरकोळ नोकरीवरून होतं. १८०० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स हरले आणि थॉमस जेफरसन येणार हे ठरलं, तेव्हा ॲडम्सनी जाता जाता आपल्या माणसांच्या भराभर नेमणुका केल्या. राजधानीच्या भागातले ४२ जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे किरकोळ तंटे सोडवणारे खालच्या पायरीचे न्यायाधीश, त्यातलेच. विल्यम मार्बरी हा त्यांच्यातला एक. नेमणुकीच्या पत्रांवर ॲडम्सची सही झाली, परराष्ट्रमंत्री जॉन मार्शलने शिक्का मारला, राहिलं फक्त पोचवायचं. मार्शलचा भाऊ जेम्स काही पत्रं घेऊन निघाला पण सगळी नेणं जमेना म्हणून त्यातली काही परत ठेवून गेला, आणि ४ मार्च १८०१ ला जेफरसन आले तेव्हा बरीच पत्रं ऑफिसातच पडलेली. जेफरसननी सांगितलं, ही द्यायची नाहीत. नवा परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन, म्हणून केसला त्याचं नाव.

मार्बरी थेट सुप्रीम कोर्टात गेला, मॅन्डॅमस रिट मागितलं, म्हणजे मंत्र्याला हुकूम द्या की माझं पत्र मला दे. आता गंमत बघा, कोर्टाचा सरन्यायाधीश कोण, तर तोच जॉन मार्शल, ज्याच्या टेबलावरून ती पत्रं गेली नव्हती! आजच्या हिशोबाने त्याने बाजूलाच व्हायला हवं होतं. पण तो बसला, आणि अडचणही तशी मोठी होती, कारण हुकूम दिला असता तर जेफरसन सरकारने तो पाळला नसता आणि कोर्टाचं हसं झालं असतं, आणि नाही दिला असता तर कोर्ट घाबरलं असं झालं असतं.

मार्शलने तीन प्रश्न काढले. मार्बरीचा पत्रावर हक्क आहे का? आहे. हक्क डावलला तर कायद्यात इलाज आहे का? आहे. मग हे कोर्ट तो हुकूम देऊ शकतं का? इथे गाडी वळली. १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याचं १३ वं कलम अशी रिट थेट सुप्रीम कोर्टात मागायला परवानगी देतं असा त्याने अर्थ लावला, आणि घटनेचं तिसरं कलम मात्र सुप्रीम कोर्टात थेट कुठल्या केस येतील ते ठरवून देतं, राजदूतांच्या वगैरे, बाकी सगळ्या अपिलात. म्हणजे काँग्रेसने घटनेबाहेर जाऊन जास्तीचा अधिकार दिला, सबब ते कलम बाद. कायदा काय आहे हे सांगणं हे कोर्टाचंच काम, असं निकालात ठणकावून सांगितलंय. छोटा अधिकार नको म्हणत मोठा खिशात टाकला, आणि जेफरसनना मोडायला हातात हुकूमच नाही.

या केसवरून मार्शलने हे तत्त्व शोधून काढलं असं बऱ्याच नोट्समध्ये असतं, ते तितकंसं खरं नाही. अमेरिकेची घटना घडवणाऱ्यांपैकी एक अलेक्झांडर हॅमिल्टन, त्याने १७८८ मध्येच, नव्या घटनेच्या बाजूने लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेच्या ७८ व्या लेखात हे मांडलं होतं, आणि १७९६ ला गाड्यांवरच्या टॅक्सच्या केसमध्ये कोर्टाने कायदा घटनेवर घासून बघितला होता, फक्त तो टिकला. टीका दुसऱ्याच गोष्टीवर जास्त होते आणि ती मला पटते, की अधिकारच नव्हता तर तो प्रश्न आधी घ्यायचा, सरकारला आधी उपदेश कशाला? शिवाय १३ वं कलम सरळ वाचलं तर त्यात घटनेशी भांडण आहेच असंही नाही.

यानंतर काँग्रेसचा कायदा बाद व्हायला थेट १८५७ उजाडलं, ती ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेली केस, आणि तिथे हाच अधिकार गुलामगिरीच्या बाजूने वापरला गेला. तो निकाल पुसायला यादवी युद्ध आणि १८६८ ची १४ वी दुरुस्ती लागली. दुरुस्ती म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर तीन चतुर्थांश राज्यं, आज ५० पैकी ३८, त्यामुळे कोर्टाला असं उत्तर देणं क्वचितच जमतं.

आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेल्याला हे सगळं जरा विचित्र वाटतं, कारण भारताच्या घटनेत हे लिहूनच ठेवलंय, कलम १३ मध्ये मूलभूत हक्कांच्या विरोधातले कायदे रद्द, आणि कलम ३२ मध्ये मॅन्डॅमस थेट सुप्रीम कोर्टातच. म्हणजे मूलभूत हक्काचा प्रश्न असता तर मार्बरी दिल्लीत योग्य दारात उभा राहिला असता. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने तर घटनेचा मूळ गाभा मोडणारी घटनादुरुस्तीही आपलं कोर्ट रद्द करू शकतं हे पक्कं झालं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आजवर एकही दुरुस्ती रद्द केलेली नाही.

मार्बरीला ते पद कधीच मिळालं नाही. ते तसंही पाचच वर्षांचं होतं. त्याचं जॉर्जटाऊनमधलं घर अजून उभं आहे, तिथे आता युक्रेनची वकिलात आहे.