एक्सपर्ट सिस्टीमचे सगळे नियम माणसांनीच लिहिले होते?

एक्सपर्ट सिस्टीम म्हणजे नियमांच्या आधारे तज्ज्ञासारखं निदान किंवा सल्ला देणारा प्रोग्राम. ‘एक्सपर्ट सिस्टीमचे नियम तज्ज्ञाला विचारून हाताने लिहायचे, मशीन लर्निंग (यंत्राने उदाहरणांवरून शिकणं) नंतर आलं आणि त्याने त्यांना मोडीत काढलं.’ ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. नियम हाताने लिहिणं हे भलतंच किचकट काम होतं, म्हणूनच यंत्राकडून उदाहरणांवरून नियम काढून घेण्याची खटपट 1970च्या दशकातच सुरू झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मेटा-डेंड्रल या प्रोग्रामने रसायनशास्त्रातले नियम तसेच काढले होते.

सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेतल्या इलिनॉयमधला. मिखाल्स्की आणि चिलॉस्की या संशोधकांनी 1980मध्ये सोयाबीनच्या 15 रोगांवर काम केलं. पानांवरचे डाग, खोडाची अवस्था, पावसाचं प्रमाण, महिना अशी माहिती असलेल्या 290 रोगट झाडांच्या नोंदी प्रोग्रामला दिल्या. त्याने ‘असं असेल तर हा रोग’ या धाटणीचे नियम स्वतः बांधले. मग 340 नव्या नोंदींवर परीक्षा झाली. शिकलेल्या नियमांचं पहिलं निदान 97.6 टक्के वेळा बरोबर, तज्ज्ञाने सांगितलेल्या नियमांचं 71.8 टक्के.

यावरून ‘यंत्राने तज्ज्ञाला हरवलं’ असं म्हणणं म्हणजे दुसरी थाप. हरले ते तज्ज्ञाने शब्दांत मांडलेले नियम. शेतात उभं राहून तो काय ओळखेल, याची ती परीक्षाच नव्हती. शिवाय झाडाचं नेमकं काय काय पाहायचं, ही यादी तज्ज्ञांच्याच ज्ञानातून आलेली. आपल्याला जे जमतं ते सगळं सांगता येतंच असं नाही, आणि नेमकी तीच अडचण उदाहरणांनी बरीच हलकी केली.