पाळीव कासवाचे डोळे आणि त्याची राहायची जागा

पाळीव कासवाच्या पापण्या सुजतात, डोळे चिकटून बसतात, कोपऱ्यात पांढरी-पिवळी घाण साचते नाहीतर बुबुळावर फूल पडल्यासारखं दिसतं, या सगळ्याला आपल्याकडं लोक सरसकट "कासवाचे डोळे आले" म्हणतात. पण माणसाचे डोळे येतात तशी ही साथ नसते. बहुतेक वेळा मूळ दुखणं टबातल्या पाण्यात, खाण्यात किंवा न मिळालेल्या उन्हात असतं आणि डोळ्यावर ते सगळ्यात आधी दिसतं. म्हणून नुसते थेंब टाकत राहिलं आणि टब तसाच ठेवला तर आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी, आठ दिवस बरं वाटतं आणि परत तेच.

मराठवाड्यात कोणती कासवं घरात असतात

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीला फिश टँकच्या दुकानात जे नाण्याएवढं हिरवंगार पिल्लू मिळतं, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं, ते रेड-इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं पाणकासव. "एवढंच राहतं हो, वाढत नाही" असं सांगून ते दिलं जातं, आणि ते साफ खोटं आहे, मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत जाते आणि नीट सांभाळली तर २०-३० वर्षं सहज जगते, म्हणजे पहिलीतल्या लेकरासाठी आणलेलं कासव त्या लेकराच्या लग्नातसुद्धा घरात असू शकतं. घ्यायच्या आधी हा हिशोब करायलाच पाहिजे.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव आणि आपल्या नदी-तळ्यात, विहिरीत सापडणारं मऊ कवचाचं देशी पाणकासव ही दोन्ही मात्र घरात ठेवायचीच नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, या दोन्ही जाती त्यातल्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत येतात. पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं सगळा गुन्हा, शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद. महादेवाच्या देवळात गाभाऱ्यापुढं दगडी कासव असतं, विहिरीत कासव सोडलं की पाणी स्वच्छ राहतं असं जुनी माणसं सांगतात, त्या श्रद्धेचा मान आहे पण म्हणून जिवंत कासव आणून टबात ठेवणं हे त्या कासवावर उपकार नाहीत. असं कासव सापडलं किंवा कुणाकडं असलं तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवावं. आणि उलट बाजूनं, कंटाळा आला म्हणून स्लायडर गोदावरीत, नाथसागरात किंवा गावच्या विहिरीत सोडून देऊ नये, ती जात चिवट आहे, ऊन शेकायची जागा आणि खाणं दोन्ही देशी कासवांच्या तोंडचं पळवते.

डोळे का सुजतात

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे जीवनसत्त्व अ कमी पडणं. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाजवळ थोडा साठा असतो, त्यावर काही महिने निभतं, म्हणून दुकानातून आणल्यावर सुरुवातीला सगळं छान असतं. आपण रोज चिमूटभर वाळलेले झिंगे टाकतो, मधून काकडी, मधून चपातीचा तुकडा, आणि यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. ते कमी पडलं की डोळ्याच्या आसपासच्या ग्रंथींचं आतलं नाजूक अस्तर जाड आणि कोरडं होतं, नळ्या बुजतात, पापण्या फुगतात आणि आत घाण अडकते. लातूरला आमच्या शेजारी एका घरी प्लास्टिकचा टब होता, मधे प्लास्टिकचं नारळाचं झाड असलेलं ते बेट, त्यातलं पिल्लू पोरानं तळहातावर घेऊन दाखवलं तर दोन्ही डोळ्यांच्या जागी भिजलेल्या तुरीच्या डाळीएवढे दोन फुगे, मधे नुसती बारीक चीर. घरचे म्हणत होते झोपाळू झालंय. झोपाळू कुठलं, त्याला दिसत नव्हतं, आणि कासव खाणं डोळ्यानं हेरूनच खातं, म्हणजे डोळे बंद झाले की खाणं बंद, खाणं बंद की जीवनसत्त्व आणखी कमी, या फेऱ्यातच पिल्लं जातात.

डोळ्याच्या मागं, कानाच्या जागी टेंगूळ आलं असेल तर तेही बऱ्याचदा याच कमतरतेचं. कासवाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो पनीरसारखा घट्ट गोळा होतो, त्यामुळं तो दाबून निघत नाही, दाबूच नये, डॉक्टरला चिरा देऊनच काढावा लागतो.

दुसरं कारण पाणी, आणि इथं मराठवाड्याचा प्रश्न वेगळा आहे. कासव ज्या पाण्यात राहतं त्यातच हगतं, मुततं, खातं, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो डोळ्याला झोंबतो. पाणी भरपूर असलेल्या गावात "रोज पाणी बदला" सांगणं सोपं आहे, पण जिथं २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, जिथं आजही एप्रिल-मेमध्ये आठ-आठ दिवसांनी नळ येतो, तिथं माणूस कासवाचं पाणी बदलायला मागंपुढं बघणारच. मग होतं काय की आटलेल्या पाण्यात वरून तांब्याभर ओततात, पाणी आटतं पण घाण आटत नाही, ती तशीच साठत जाते. त्यापेक्षा फिल्टर बसवावा आणि आठवड्यातून दोनदा तळातलं पाव हिस्सा पाणी पाइपानं ओढून तेवढंच नवं भरावं. ओढलेलं पाणी वाया जात नाही, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता त्यावर चांगले येतात (कोथिंबीर-मेथीसारख्या कच्च्या खायच्या भाजीला मात्र घालू नये, कासवाच्या अंगावर जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जंतू असू शकतात). टँकरच्या नाहीतर नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरीचा वास येत असेल तर ते उघड्या बादलीत २४ तास ठेवून मग टबात घालायचं. बोअरचं जड पाणी वाईट दिसतं, कवचावर क्षाराचा पांढरा थर धरतो, पण नुसत्या क्षारानं सहसा डोळे जात नाहीत, तेव्हा बिसलेरी आणायची काही गरज नाही.

एकच डोळा बंद असेल तर विचार वेगळा करायचा. तिथं बहुधा लागलेलं असतं, काहीतरी खुपलेलं असतं, दुसऱ्या कासवानं चावलेलं असतं. दोन्ही डोळे सारखे सुजले तर खाणं, पाणी, थंडी याकडं बघायचं. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पोहताना एका अंगाला कलणं हे सोबत असेल तर छातीत संसर्ग आहे, ते कासव उद्यावर ढकलायचं नाही. कुणाकडं रीतसर नोंद केलेलं परदेशी जमिनीवरचं कासव असेल तर त्याच्या डोळ्यात भुसा, बारीक वाळू, कडब्याचं कूस जातं, म्हणून खाली लाकडाचा भुसा घालू नये. डोळ्यातून स्वच्छ पाणी ओघळलं तर लगेच घाबरू नये, कासवाला डोळ्यातून नाकात जाणारी अश्रूंची नळीच नसते, त्यामुळं पाणी गालावरच येतं. ते घट्ट, फेसाळ किंवा पिवळं झालं की काळजी.

ऊन, थंडी आणि टब

कासवाचं अंग स्वतःहून गरम राहत नाही. स्लायडरला पाणी साधारण २४ ते २८ अंश लागतं आणि वर चढून अंग सुकवायला कोरडी जागा, तिथं ३० ते ३५ अंश. आपल्याकडं ऊन फुकट आहे, इतकं की लोकांना वाटतं कासवाला आणखी काय पाहिजे, पण खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, काच त्यातले यूव्हीबी किरण अडवते आणि त्याच किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होऊन कवच घट्ट होतं. सकाळी आठ ते दहा गच्चीवर अर्धी सावली ठेवून टब न्यावा आणि वर जाळी टाकावी, कावळा आणि मांजर दोघंही टपून असतात. मे महिन्यात ४२ अंशाला पत्र्यावर ठेवलेला टब म्हणजे उकळतं पातेलं, तासाभरात कासव जातं. डिसेंबर-जानेवारीत उलटं, परभणीकडं पारा १० च्या खाली उतरतो, कासव सुस्त पडतं, खात नाही, डोळे मिटून बसतं आणि घरच्यांना वाटतं डोळ्याचा रोग झाला. तेव्हा फिश टँकचा हीटर लावावा, त्याला प्लास्टिकची जाळी असावी म्हणजे भाजत नाही, आणि लाईट गेली तर टबाला जुनी गोधडी गुंडाळावी. घरात यूव्हीबीचा दिवा लावत असाल तर तो डोळ्यासमोर आडवा नको, वरून हवा आणि अंतर पाकिटावर दिलंय तेवढंच, फार जवळच्या दिव्यानं बुबुळ भाजतं. हे दिवे पेटत राहिले तरी त्यातले किरण सहा महिने ते वर्षभरात कमी होतात.

पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या दीड-दोन पट तरी पाहिजे आणि टब दरवर्षी मोठा करावा लागतो, कवचाच्या दर इंचाला ४० लिटर हा ढोबळ हिशोब. त्या नारळाच्या झाडाच्या टबात कासव फक्त तग धरतं. अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी आहे, ती लेकरांना साल्मोनेला होत होता म्हणून. आपल्याकडं बंदी नाही तर निदान कासव हाताळल्यावर साबणानं हात, आणि टब स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुणं कायमचं बंद.

खाण्यात शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, कधी मेथी, सोबत कासवाचं चांगलं दाणेदार फूड. पिल्लाला प्रथिनं जास्त लागतात, मोठं होईल तसा पाला वाढवायचा. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवतो. समुद्रफेसाचा तुकडा टबात टाकून ठेवला की ते हवं तेव्हा कुरतडतं. पाला शेतातून आणत असाल तर फवारलेल्या कापसाच्या बांधावरचा आणू नका.

इलाज

घरी एवढंच करायचं: उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पापणीवर दोन-तीन मिनिटं धरायचा, घाण मऊ झाली की आपोआप सुटते, नखानं किंवा काडीनं ओढायची नाही. काजळ, एरंडेल, गुलाबपाणी, हळद यातलं काही घालायचं नाही. कासव अशक्त असेल तर खोल पाण्यात ठेवू नये, हनुवटीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात २० मिनिटं, मग कोरड्या उबेत.

पुढं डॉक्टर. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी, कासव बघितलेला डॉक्टर मिळणं अवघड, ही आपली खरी अडचण आहे. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जमलं तर तिथं घेऊन जावं. कुठंही जा, दोन गोष्टी आपण स्वतः विचारायच्या. एक म्हणजे आयव्हरमेक्टिन, जनावरांच्या गोचिडांवर सर्रास दिलं जाणारं इंजेक्शन, ते कासवाला जीवघेणं आहे, कधीच नको. दुसरं, मेडिकलमधून उरलेले माणसाचे थेंब, त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा कायमचा जाऊ शकतो, जखम आहे का हे डॉक्टर रंगाचा थेंब टाकून बघतात. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही मोजून द्यावं लागतं, जास्त झालं तर कातडी सोलून निघते, म्हणून कॅप्सूल फोडून तोंडात पिळायचा उद्योग करू नये.

सूज उतरायला काही आठवडे लागतात. आधी चीर थोडी रुंदावते, मग आतलं बुबुळ चमकताना दिसतं, कधी एक डोळा दुसऱ्याच्या चार दिवस आधी उघडतो. स्लायडरला पाण्यातच गिळता येतं, त्यामुळं खाणं पाण्यातच, नाकासमोर चिमट्यानं हलवून दाखवायचं, खाल्लं नाही तर तासाभरात काढून घ्यायचं. किचनच्या डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन करून कॅलेंडरवर लिहावं, दोन रविवार वजन खाली गेलं की डोळे उघडे असले तरी परत डॉक्टरकडं न्यावं.