माहियों, व्हिक्टर-शार्ल

(१८४१–१९२४). बेल्जियन वाद्यनिर्माते, ध्वनिशास्त्राचे अभ्यासक आणि ब्रुसेल्सच्या शाही संगीत विद्यालयातील वाद्यसंग्रहालयाचे पहिले अभिरक्षक. वडिलांचा फुंकवाद्यांचा कारखाना असल्याने नळी, छिद्रे आणि सूर यांचे गणित त्यांना हाताने ठाऊक होते. अभिरक्षक म्हणून त्यांचे मोठेपण तिथूनच येते.

संग्रहालय १८७७ मध्ये स्थापन झाले. त्याच्या पायाशी दोन संग्रह होते : बेल्जियम सरकारने १८७२ मध्ये विकत घेतलेली संगीतज्ञ फेतिस यांची वाद्ये आणि कोलकात्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी १८७६ मध्ये राजे दुसरे लिओपोल्ड यांना भेट दिलेली सुमारे १०० भारतीय वाद्ये.

इतक्या परक्या वाद्यांची यादी लावायची कशी? माहियोंनी ध्वनी कशातून उमटतो हे पाहून चार वर्ग केले : स्वतःच्या अंगाने वाजणारी, कातड्याची, वाऱ्याची आणि तारांची. म्हणजेच नाट्यशास्त्रातील घन, अवनद्ध, सुषिर व तत. झांज, मृदंग, सनई आणि वीणा. त्यांचे पोटविभाग मात्र युरोपीय वाद्यांकडे झुकलेले होते. संगीतशास्त्रज्ञ हॉर्नबोस्टेल व झाक्स यांनी १९१४ मध्ये ते नव्याने आखले. मुख्य चौकट माहियोंचीच ठेवली.

प्रतिकृती हे त्यांचे दुसरे मोठे काम. पॉम्पेईत सापडलेल्या रोमन शिंगाचीही प्रतिकृती त्यांनी घडवली. मूळ वाद्ये वाजवत राहणे धोक्याचेच असते. श्वासातल्या ओलाव्याने लाकडी नळी आतून फुगते, बाहेरून कोरडी राहते आणि उभी चिरते. प्रतिकृतीचे माप घेतानाही फसगत होते. लाकूड सगळ्या बाजूंनी सारखे आकसत नसल्याने गोल नळी कालांतराने लंबगोल होते. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोन व्यास मोजावे लागतात. मोठा व्यास मूळ मापाच्या अधिक जवळ असतो. वाद्याच्या तोंडाशी बसवलेली, फुंकरीने थरथरणारी पत्ती तर क्वचितच टिकते, आणि तिच्या लांबीरुंदीवाचून जुन्या वाद्याच्या सुरांची पट्टी खात्रीने सांगता येत नाही.

फुंकवाद्याचा नाद धातूपेक्षा नळीच्या आकारावर ठरतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी लाकडी ट्रम्पेटही बनवला. विद्यालयाचे संचालक गेव्हार्ट प्राचीन संगीताच्या मैफली भरवत. १८८५ मध्ये लंडनच्या प्रदर्शनातही ब्रुसेल्सच्या वादकांनी अशा मैफली केल्या. माहियोंची वर्णनात्मक सूची १८८० ते १९२२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाली.